०.२ ऐवजी २ एमएल गेलं! पिल्लाला औषध जास्त झालं तर

प्रश्न: आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे मांजर व्यायली होती. तीन पिल्लांतलं एकच जगलं, ते आम्ही घरात आणलं. मुलीने नाव ठेवलं चिंगी. सात-एक आठवड्यांची असेल. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा वजन ६०० ग्रॅम भरलं. जंतांसाठी त्यांनी लहान मुलांचंच पातळ औषध लिहून दिलं, पायरँटेल पामोएट, ०.२ एमएल. रविवारी रात्री मिस्टरांनी २ एमएलची सिरिंज पूर्ण भरून पाजली. चिठ्ठीवरचा पॉइंट त्यांना दिसलाच नाही. पाच-दहा मिनिटांत तिच्या तोंडाला फेस आला, मग दोनदा उलटी झाली. डॉक्टरांचा फोन बंद होता. सासूबाईंनी मिठाचं पाणी कालवून आणलं, म्हणाल्या, उलटी होऊन सगळं निघून जाईल. मी चमच्याने पाजायला गेले, पण तिने थुंकून टाकलं. रात्रभर जागलो. सकाळी अंग गरम लागलं म्हणून शेजारच्या वहिनींनी बाळाचे तापाचे ड्रॉप्स दिले, "दोनच थेंब दे" म्हणाल्या. माझा धीर झाला नाही, दिले नाहीत. दुपारी ती खेळायला लागली. आता दहा दिवस झाले, खाते, पळते. पण आतून लिव्हर-किडनीला काही झालं असेल का? मिस्टर तर तेव्हापासून तिला हातही लावत नाहीत. पुन्हा असं काही झालं तर आधी काय करायचं?
— एक वाचक, वाई

उत्तर:

ताई, आधी चिंगीचं सांगते. दहा दिवसांनी ती खाते, पळते, खेळते, त्या अर्थी त्या औषधाचा तिला कायमचा त्रास राहिलेला नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, पण रात्री उठून तिचा श्वास बघणं आता थांबवा.

हे एवढ्या विश्वासाने कसं म्हणते? बाटलीवरचा मजकूर तुम्ही पत्रासोबत जसाच्या तसा उतरवून पाठवलात, त्यामुळे हिशेब करता आला. ५ एमएलमध्ये २५० मिलीग्रॅम, म्हणजे एका एमएलमध्ये ५०. डॉक्टरांनी सांगितलेल्या ०.२ एमएलमध्ये १० मिलीग्रॅम येतात. चिंगीच्या पोटात १०० गेले. दहापट. आकडा ऐकून छातीत धस्स होतं खरं. पण पायरँटेल पामोएट हे औषध आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. ते आतड्यातच राहतं, जंतांच्या स्नायूंना लुळं करतं, आणि जंतांबरोबर शीवाटे बाहेर पडतं. जे रक्तात फारसं पोचत नाही ते लिव्हर-किडनीपर्यंत तरी किती जाणार? जास्त झालं की उलट्या होतात, एखाद-दोन दिवस शी पातळ होते, पिल्लू मलूल पडतं. चिंगीचं तेच झालं. आणि तो फेस बघून तुम्ही घाबरलात, पण नको ती चव तोंडात गेली की मांजरं अशीच फेसाळ लाळ गाळतात. तेवढ्यावरून विषबाधा झाली असं धरायचं नसतं.

म्हणून ज्या चुकीने तुमच्या घरात दहा दिवस कुणी धड जेवलेलं नाही, ती चूक त्या रात्रीतली सगळ्यात कमी धोक्याची होती. खरे धोके दोन होते आणि दोन्ही मदत म्हणून हातात आले होते.

पहिला मिठाच्या पाण्याचा. सासूबाईंनी काळजीपोटीच ते केलं. आपल्याकडे कितीतरी घरांत विषावर हाच उतारा सांगतात. पण हिशेब बघा. चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम. कुत्र्यांमध्ये किलोमागे ४ ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. चिंगी अर्ध्या किलोहून थोडीच जास्त. उलटी झाली नाही तर सगळं मीठ अंगात राहतं, रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. आणि उलटी झालीच, तर धडपडणाऱ्या पिल्लाच्या ती श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. चिंगीने थुंकून टाकलं हे फार बरं झालं. घरच्या घरी उलटी काढायची नाही. मीठ नाही, मोहरी नाही, घशात बोट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही. कुत्र्याच्या पिल्लाला उलटी काढायची वेळ आली तर डॉक्टर इंजेक्शन देऊन काढतात, आणि तेही औषध पोटात जाऊन तास-दोन तासांच्या आत असलं तरच. मांजरांची वेगळी इंजेक्शनं असतात आणि तीही दरवेळी लागू पडतात असं नाही. दूध, तूप, लिंबू यांनी औषध मारलं जात नाही. दुधाने पिल्लाला जुलाब मात्र लागतात.

दुसरा धोका त्या दोन थेंबांचा. ताई, तुमचा धीर झाला नाही, कदाचित म्हणूनच चिंगी आज आहे.

बाळांचे तापाचे ड्रॉप्स म्हणजे पॅरासिटामॉल. आपल्याकडच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा एका एमएलमध्ये १०० मिलीग्रॅम असतं. एक एमएल म्हणजे साधारण वीस थेंब धरले तर एका थेंबात ५ मिलीग्रॅम, दोन थेंबांत १०. चिंगीच्या वजनाला ते किलोमागे सुमारे १७ मिलीग्रॅम होतात. मांजरांना किलोमागे १० मिलीग्रॅम इतक्या कमी मात्रेतही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या माणसाची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी पूर्ण वाढलेल्या मांजराचा जीव घेऊ शकते. जंतांच्या औषधाची दहापट मात्रा तिने पचवली, पण बाळाचे दोन थेंब तिच्या जिवावर बेतू शकले असते. औषध जास्त झालं की नाही हे चमच्यावर, थेंबांवर ठरत नाही. कोणतं औषध, कोणत्या जनावराला आणि किलोमागे किती, यावर ठरतं.

मांजरालाच एवढं का? आपलं लिव्हर पॅरासिटामॉलचा बराचसा भाग एका साखरेसारख्या पदार्थाला जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. ही जोडणी करणारं एक एन्झाइम मांजराच्या कुळात जवळजवळ कामच करत नाही. वाघ-सिंहांचंही तसंच आहे. मग औषधाचं रूपांतर एका घातक पदार्थात होतं आणि तो रक्तातल्या लाल पेशींवर जातो. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, त्याचा रंग चॉकलेटी होतो. काही तासांत हिरड्या तपकिरी नाहीतर निळसर दिसतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते, लघवी गडद होते. कुत्र्यांना हेच औषध थोडं जास्त सोसतं, पण त्यांचंही लिव्हर जातं. म्हणून कुत्र्याच्या पिल्लालाही मनाने देऊ नका.

याला उतारा आहे आणि तो माहीत असणं फार मोलाचं आहे: एन-अॅसिटिलसिस्टिन. माणसांना कफ पातळ करायला जी पाण्यात विरघळणारी गोळी किंवा पावडर देतात, त्यात हेच असतं. लहान गावातल्या पशुवैद्यकांकडे ते नसण्याची शक्यता असते, पण माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं. मांजराच्या पोटात पॅरासिटामॉल गेल्याची खात्री असेल तर डॉक्टरांना फोनवरच विचारा, "एन-अॅसिटिलसिस्टिन तुमच्याकडे आहे का, की येताना मेडिकलमधून घेऊन येऊ?" मात्रा डॉक्टरच ठरवतील. पहिला डोस मोठा आणि मग दर सहा तासांनी लहान असं ते द्यायचं असतं, घरी अंदाजाने नाही. लक्षणं दिसायची वाट बघत बसू नका.

आणि मुळात चिंगीला ताप होता का? मला नाही वाटत. मांजराचं आणि कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. आपलं अंग ९८ चं, हात तर त्याहूनही थंड, म्हणून धडधाकट पिल्लूही आपल्याला गरम लागतं. उबेला झोपून उठलेलं तर जास्तच. हात लावून ताप ठरवायचा आणि माणसाचं औषध द्यायचं, या सवयीने जितकी मांजरं दगावतात तितकी मला पॉइंट चुकल्याने दगावलेली दिसत नाहीत. ताप बघायचाच असेल तर साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन, शीच्या जागेतून, हळूच. डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या.

तुमच्या घरात आणखी काय काय आहे ते पत्रात नाही, पण सासूबाई आहेत म्हणजे गोळ्यांचा डबा असणार, म्हणून बोलते. अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आणि पॅरासिटामॉलबरोबर एकत्र येणाऱ्या कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळ्या, यांनी पोटात अल्सर होतात आणि किडनीला धक्का बसतो. शी डांबरासारखी काळी होते, आणि हे सगळं एक-दोन दिवसांनीही दिसू शकतं. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध तर जनावरांसाठीही मिळतं, पण कुत्र्यांच्या बाटलीत एका एमएलला १.५ मिलीग्रॅम आणि मांजरांच्या बाटलीत ०.५ असतं. घरात दोन्ही जनावरं असतील आणि बाटली बदलली गेली, तर मांजराला तिप्पट जातं. मांजरांना ते पुन्हा पुन्हा दिल्याने किडनी निकामी होऊन मृत्यू झाले, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

कुत्र्याचं पिल्लू पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण ती आपल्याकडे घरोघरी आहे आणि औषध म्हणून तिची कुणाला भीतीच वाटत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची व्हिटॅमिन डी-३ ची कॅप्सूल. ६०,००० युनिटची. दात शिवशिवणारं पिल्लू गोळ्यांची पट्टी बघता बघता चघळतं. दोन किलोच्या पिल्लाने एक कॅप्सूल गिळली तरी रक्तातलं कॅल्शियम इतकं चढू शकतं की किडनीत क्षार साचतात. आणि पहिला दिवसभर पिल्लू अगदी ठणठणीत दिसतं! उलट्या, खूप पाणी पिणं, खूप लघवी, खाणं सुटणं, हे दीड-दोन दिवसांनी सुरू होतं. तोपर्यंत उलटी काढण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून पट्टी कुरतडलेली दिसली की पिल्लू कसं दिसतंय हे बघू नका, पट्टीवर काय लिहिलंय ते बघा आणि किती गोळ्या कमी आहेत त्या मोजा. घरात कुणाला टीबीचा कोर्स चालू असेल तर त्यातलं आयसोनियाझिड कुत्र्यांना मुळीच सोसत नाही, थोड्या वेळात झटके सुरू होतात. त्यावर बी-६ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन हा उतारा आहे. फोनवर औषधाचं नाव सांगितलंत तर डॉक्टर ते काढून ठेवतील.

खेड्यापाड्यांत आणखी एक चालतं. गोचिड-पिसवांवर गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन पिल्लाला टोचतात किंवा पाजतात. गुरांच्या बाटलीत एका एमएलला १० मिलीग्रॅम असतं. एक किलोच्या पिल्लाला अर्धा एमएल गेलं तर किलोमागे ५ मिलीग्रॅम झालं. खरजेला डॉक्टर देतात ती मात्रा साधारण ०.२ ते ०.६ असते. त्यातून फार लहान पिल्लांमध्ये औषध मेंदूत शिरू न देणारा पडदाच पुरता तयार झालेला नसतो. पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, शेवटी बेशुद्ध पडतं. याला थेट उतारा नाही, पण दवाखान्यात सलाइन, ऊब आणि दिवसरात्र निगा मिळाली तर वाचणारीही बरीच असतात. म्हणून "आता काही उपयोग नाही" म्हणून घरी ठेवू नका. आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध मांजरावर पडलं, त्यात परमेथ्रिन असेल, तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने लगेच धुऊन काढा आणि निघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आधी काय करायचं. पिल्लाला उचला, उरलेलं औषध बाजूला करा, तोंडात गोळीचा तुकडा असेल तर बोटाने काढा. बाटली किंवा पट्टी समोर ठेवा आणि कागदावर लिहा: औषधाचं नाव, एमएलमागे किंवा गोळीमागे किती मिलीग्रॅम, पोटात किती गेलं, किती वाजता, पिल्लाचं वय आणि वजन. घाबरल्यावर फोनवर यातलं निम्मं सांगायचं राहतं. वजन माहीत नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून त्यात पिल्लू बसवा. लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सअॅप करा. मग फोन.

फोन लागेपर्यंत पिल्लाला उबेत ठेवा. इतक्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब नीट धरता येत नाही आणि साखरही पटकन उतरते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चिकटवून नाही. पिल्लू गळून पडलं असेल तर बोटाला थोडा मध किंवा साखरेचं पाणी लावून हिरड्यांवर चोळा, तोंडात ओतू नका. ओठ वर करून हिरड्या बघत राहा, त्या गुलाबी हव्यात. हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा तपकिरी झाल्या, अंग थरथरायला लागलं, तोल जाऊ लागला, चेहरा सुजला, धाप लागली, उलटीत किंवा शीत रक्त दिसलं, तर फोन लागण्याची वाट न बघता गाडी काढायची. उलटी झाली असेल तर डबीत घालून बरोबर न्या.

गाडी काढायची पण कुठे न्यायची, हे त्या क्षणी शोधायला लागू नये. तुमच्यापासून तासाभरावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कुठल्या वेळेला कोण असतं, रविवारी आणि रात्री काय सोय आहे, हे येत्या चार दिवसांत फोन करून विचारा. साताऱ्यात आणि पुण्यात रात्री उघडा असणारा एकेक दवाखाना शोधून ठेवा आणि तिन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. सरकारचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. त्यावरची फिरती पथकं मुख्यतः गुरांसाठी असतात, पण दुसरं कुणीच मिळालं नाही तर जवळचा डॉक्टर कोण एवढं विचारायला तोही लावा.

सिरिंजचंही बदला. २ एमएलच्या सिरिंजमध्ये ०.२ ही खूण अगदी टोकाशी, सुई लावतात त्या बाजूला येते, चष्मा लावूनही नीट दिसत नाही. मेडिकलमध्ये "एक एमएलची ट्यूबरक्युलिन सिरिंज, सुई नको" असं मागा. त्यावर शंभराव्या भागापर्यंत रेघा असतात. इन्सुलिनची सिरिंज दिली तर घेऊ नका. आपल्याकडे तिच्यावर बहुतेक वेळा ४० आकडे असतात आणि तो ४० म्हणजे एक एमएल, त्यातून नवा गोंधळ होतो. डॉक्टरांकडेच एकदा औषध भरून घ्या आणि त्या रेघेवर मार्करने खूण करा. चिठ्ठीवर "०.२ एमएल म्हणजे १० मिलीग्रॅम" असं दोन्ही लिहून मागा. डॉक्टरांना त्यात वावगं वाटणार नाही. माणसांच्या औषधाच्या खोक्यावर मुलांचा डोस छापलेला असतो, तो पेनाने खोडून टाका. आणि डोस दिला की कॅलेंडरवर टिक. एकाने सकाळी दिलं, दुसऱ्याला माहीत नाही म्हणून त्यानेही दिलं, असंही फार घडतं.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांनी पॉइंट चुकवला, पण चिठ्ठी अशी की तो दिसू नये, सिरिंज अशी की चूक कळू नये, खोक्यावर छापलेला डोस चमच्यांचा. त्यात कुणाकडूनही हेच झालं असतं. हात लावत नाहीत ते राग म्हणून नाही, पुन्हा आपल्या हातून काही होईल या भीतीने. "जाऊ द्या हो" म्हणून ती भीती जात नाही. त्यांना वर मांडलेला हिशेब दाखवा, मिलीग्रॅमसकट. सासूबाईंनाही मिठाचा हिशेब शांतपणे, सगळ्यांच्या देखत नाही, एकट्या असताना सांगा. त्यांच्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायचं काम त्यांनाच द्या.

या वयात जंतांचं औषध दर दोन आठवड्यांनी देतात, म्हणजे चिंगीचा पुढचा डोस आता चार-पाच दिवसांवर आलाय. तो द्यायचा की थोडा लांबवायचा हे आधी डॉक्टरांना झालेला प्रकार सांगून विचारा. द्या म्हणाले तर तो मिस्टरांनीच द्यावा असं मला वाटतं. मुलीने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, मिस्टरांनी सिरिंज भरायची, तुम्ही रेघ बघायची, आणि मगच चिंगीच्या तोंडात, गालाच्या बाजूने, हळूहळू. त्याआधी तिचं वजन पुन्हा करा. या वयात पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढतं, त्यामुळे मागच्या चिठ्ठीवरचा ०.२ आता तिला लागू असेलच असं नाही.